ऐनाच्या झाडावरची साडी

मैत्रिणींनो, दसरा झाला की आपल्याकडे दोन कामं एकदमच अंगावर येतात. एक दिवाळीच्या फराळाची यादी, आणि दुसरं कपाट आवरणं. गेल्या दसऱ्यानंतर मी दुसऱ्या कामाला आधी हात घातला आणि पस्तावले. पलंगावर साड्यांचा ढीग घातला, म्हटलं मोजू तरी. सत्त्याण्णव निघाल्या! विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या, तरी सत्त्याण्णवच. त्यांतल्या तीसेक अशा, की एकदा नेसले आणि घडी घालून ठेवल्या त्या ठेवल्याच. कुणाच्या बारशाला आलेल्या, सेलमध्ये 'एवढ्यात मिळते तर घेऊन टाकू' म्हणून घेतलेल्या, रात्री अकरा वाजता मोबाइलवर बोट टेकवून मागवलेल्या. आणि ढिगाच्या अगदी तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली, आईची कोशाची करवतकाठी.

ही साडी आईनं १९६८ साली नागपुरात घेतली होती. माझ्या मुंजीच्या वयाच्या भावापासून ते माझ्या लग्नापर्यंत घरच्या प्रत्येक फोटोत आई त्याच साडीत आहे. तिच्याकडे 'बाहेरच्या' म्हणाव्या अशा चारच साड्या, आणि त्याचं तिला काही वाटल्याचं मला आठवत नाही. उलगडून बघते तर घड्यांवर साडी चिरलेली. मध मिसळलेल्या दुधासारखा तो रंग मात्र जसाच्या तसा.

नेमकी त्याच आठवड्यात माझी भाची पुण्याहून आली. तिचं लग्न ठरलंय, मुहूर्त वैशाखातला. पोरगी गुणी आहे, स्वतः कमावते, वडिलांवर भार टाकणार नाही म्हणते. पण तिनं फोनवर यादी दाखवली आणि मी गारच पडले. नऊ प्रसंग आणि नऊ पोशाख. मेंदीचा वेगळा, हळदीचा वेगळा, संगीताचे तर दोन. "मावशी, रिपीट नाही करायचं. सगळे फोटो एकाच ठिकाणी येतात ना!" मग तिनं मला ते व्हिडिओही दाखवले. तुमच्या घरच्या मुली-सुना बघत असतील, तर तुम्हालाही ठाऊक असेल. एक मुलगी मोठं खोकं फोडते, त्यातून वीस-पंचवीस कपडे एकेक काढून अंगाला लावून दाखवते, आणि पुढच्या आठवड्यात नवं खोकं. यांना इन्फ्लुएन्सर म्हणतात. त्यांना ते कपडे पुष्कळदा फुकट येतात, वर दाखवण्याचे पैसेही मिळतात. पदरचे पैसे मोडून विकत घेतो ते आपण! हे मी म्हटलं तेव्हा भाची जराशी हसली, पण यादी काही आखडली नाही.

आईची साडी पाहून मात्र ती थांबली. म्हणाली, "अशी मिळेल? हल्ली सस्टेनेबलचं फार आहे. आपण जिथं बनते तिथंच जाऊ या. छान रील होईल." हेतू रीलचा का असेना, म्हटलं चला! धाकट्या भावाची गाडी घेतली आणि आम्ही दोघी सकाळी सहाला नागपूरहून निघालो.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग आरमोरी, असा हा रस्ता. लहानपणी नागभीडला जायचं म्हणजे नॅरोगेजची छोटी गाडी असायची. इंग्रजांच्या काळातली ती गाडी रुळांची रुंदी वाढवायची म्हणून २०१९ साली बंद झाली. भिवापूरची मिरची ज्यांनी खाल्ली असेल त्यांना त्या गावाची ओळख वेगळी करून द्यायला नको. नागभीड आलं की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि दोन्ही बाजूंना धान. ऑक्टोबरात तो लोंबीवर आलेला असतो, मध्येच मालगुजारांच्या काळातले जुने तलाव चमकतात, आणि बांधावर बगळे. ब्रह्मपुरीच्या पुढं वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि त्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग आजही जंगल आहे. या सगळ्या मुलखाला इथले लोक झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर इथं रात्र रात्र नाटकं चालतात, पण तो विषय निघाला तर लेख तिकडेच जाईल!

आरमोरीच्या आसपासचा ढिवर समाज दोन कामांसाठी ओळखला जातो, मासेमारी आणि कोसा. कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोश, आणि त्याच्या कापडालाही आपण कोसाच म्हणतो. आपल्या पैठणीचं रेशीम तुतीच्या पाल्यावर वाढवलेल्या अळीचं. ती अळी घरात, ट्रेमध्ये, पंख्याखाली वाढते. टसरची अळी तसली लाडावलेली नाही. ती उघड्या रानात, ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढते. ऐन ओळखायला सोपा, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी.

एका ओळखीच्या गुरुजींनी आम्हाला रानात नेलं. भाचीचे पांढरे बूट पहिल्या दहा पावलांतच चिखलाचे झाले. तिथं एक बाई आणि तिचा नवरा राखणीला होते. झाडाच्या फांदीवर बोट दाखवलं तरी मला काही दिसेना. पान हलल्यासारखं झालं तेव्हा कळलं, ते पान नव्हतंच. बोटाएवढी जाड, पोपटी रंगाची अळी, अंगावर चांदीचे टिकले लावल्यासारखे ठिपके. ती पान खाते त्याचा बारीक कुरुकुरु आवाजसुद्धा येतो. भाचीनं हात पुढं केला तशी बाई म्हणाली, "हात नका लावू जी. पडन ते."

मग बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मादी पाखरू साधारण दोनशे अंडी घालतं. आठ-दहा दिवसांत त्यातून मुंगीएवढ्या अळ्या निघतात, त्या झाडावर सोडायच्या. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पीक महिन्याभरात होतं. हे ऑक्टोबरचं पीक थंडीमुळं लांबतं, दीड महिना आणि कधी त्याहूनही जास्त. तेवढ्या दिवसांत अळी चार वेळा कात टाकते. एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट छाटून दुसऱ्या झाडावर न्यायची. आणि दिवसरात्र राखण! सकाळी कावळे आणि कोतवाल, दुपारी गांधीलमाश्या, खोडावरून मुंग्या, कधी माकडं. हातात गोफण, गळ्यात रिकामा डबा बडवायला. शिवाय रोग आला तर सगळं झाड दोन दिवसांत काळं पडतं, आणि जोराचा पाऊस झाला तर अळ्या खाली.

"आणि रात्री?" मी विचारलं.

"रातीला मांडवावर झोपतो जी."

"वाघ?"

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "येते न. मागच्या पावसात पल्याडच्या गावची बाई नेली. तवापासून एकटी बाई नाही बसत राखनीला."

ब्रह्मपुरी आणि वडशाच्या जंगलात वाघांची संख्या वाढली आहे, आणि माणसांवरचे हल्लेही. हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. तिथं त्याचा अर्थ असा, की जिथं एक माणूस पुरायचा तिथं आता दोन लागतात, आणि दुसऱ्याची मजुरी बुडते. कोशाचा भाव मात्र दोन माणसांचा मिळत नाही.

कोसे वजनावर नाही, नगावर विकले जातात. एक कोसा कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, फांदीला देठानं लटकलेला, इतका टणक की दातानंही फुटत नाही. किलोभर सूत काढायला असे हजाराच्या वर कोसे लागतात. म्हणजे आपल्या एका साडीसाठी कित्येक शेकडा. भाची तोंडी हिशेब करत होती, मग एकदम गप्प झाली. फोनला रेंज नव्हतीच.

एक गोष्ट मला लपवायची नाही. अळी कोशात शिरते, आणि सूत अखंड निघायला हवं तर आतल्या किड्याला बाहेर पडू देता येत नाही. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात. पाखरू बाहेर पडून कोसा फुटला तर त्याचं लांब सूत निघत नाही, हातानं ओढून जाडसर सूत काढतात, त्याला घीचा म्हणतात. ज्यांना मन घेत नाही त्यांनी घीच्याचं कापड मागावं. ते जरा खरखरीत असतं, पण मला तर ते जास्त आवडलं. मी स्वतः मांसाहार करते, तेव्हा फार सोवळेपणाचा आव आणणार नाही.

गावात एका घराच्या ओसरीवर सूत काढणारी आजी दिसली. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळव्यानं पीळ द्यायचा. पन्नास वर्षं हेच केल्यावर मांडीची कातडी कशी होते ते मी लिहीत नाही. केंद्रीय रेशीम मंडळानं ही मांडीवरची पद्धत बंद व्हावी म्हणून 'बुनियाद' नावाची छोटी यंत्रं काढली आहेत. आजींच्या शेजारणीकडे तसं यंत्र आलेलं होतं. आजी म्हणाल्या, "मले नाही जमत ते. पन सुनेले जमते." मी तर म्हणेन, सुनेला जमतंय हेच चांगलं. पिढ्यानपिढ्यांची कला म्हणून आपण हळहळायचं आणि सोलून निघायची मांडी दुसरीची, असं नको!

रात्री गडचिरोलीला मुक्काम केला. भाची जेवताना बोलली नाही फारसं. गप्पांत हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांचा विषय निघाला. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माडियांमध्ये राहताना त्यांनी बनियन आणि अर्धी पँट एवढाच पोशाख ठेवला. भाची म्हणाली, "त्यांचा तर एकच फोटो हजार वेळा छापला असेल." तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि नाहीही.

परतताना आम्ही मुद्दाम दुसरा रस्ता धरला. वैनगंगा परत ओलांडून सावली, मूल, सिंदेवाही आणि नागभीड. सावलीला गाडी थांबवली. लहानसं गाव, पण १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथं भरलं होतं आणि गांधीजी इथं मुक्कामाला होते. सावलीला खादीचं मोठं काम चालायचं. त्याच्या आदल्याच वर्षी गांधीजींनी एक हट्ट धरला होता. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. लोक म्हणाले, खादी महाग होईल, घेणार कोण? त्यावर त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कातणारी उपाशी राहून खादी स्वस्त होणार असेल तर ती खादी नको. आठ आण्यांपर्यंत मजल लगेच गेली नाही, पण किमान मजुरीचं तत्त्व चरखा संघानं मान्य केलं.

हे मी भाचीला गाडीत सांगितलं. तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात तयार कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक बायका. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. "मावशी, तेव्हा मी शाळेत होते. बातमी बघितली होती. मग विसरले." इतक्या स्वस्तात कुडता कसा मिळतो, याचं उत्तर तिला माहीत होतंच, आणि मलाही. माझ्या सत्त्याण्णवांत त्याच भावाच्या कितीतरी आहेत.

नागभीडला विणकरांकडं पोचलो तेव्हा चार वाजले होते. घरात खड्ड्यातला हातमाग, त्यावर उभा ताणा लावलेला. करवतकाठीची गंमत काठात. करवतीच्या दात्यांसारखी टोकं काठातून अंगात शिरतात. त्यासाठी तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. चांगली साडी विणायला आठ-दहा दिवस सहज जातात, तेही मदतीला दुसरं माणूस असेल तर. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण विणकरभाऊंनी न लपवता सांगितलं, की ताण्याचं सूत पुष्कळदा बाहेरच्या देशातून येतं, कारण ते तुटत नाही. रानातलं सूत बाण्याला. मानांकन आहे म्हणजे सगळं इथलंच, असं समजू नका.

भाचीनं साड्या पाहिल्या आणि तिचे डोळे लकाकले. म्हणाली, "मावशी, असं करते. नऊपैकी पाच प्रसंगांना कोसाच घेते. पाच रंगांत. म्हणजे सस्टेनेबल पण होईल."

विणकरभाऊ हसले. त्यांच्या घरात तीन माग होते, आता एक चालतो. मोठा मुलगा हैदराबादला कामाला गेला. पाच साड्या, पाच रंग, चार महिन्यांत? म्हणाले, "बाजारातून आनून देतो म्हटलं त देता येईन जी. पन ते मी विनलेलं नसन."

त्यांची बायको इतका वेळ बॉबिन भरत बसली होती. तिनं मला विचारलं, "ताई, तुमी मागची कोशाची कधी घेतली जी?"

मी आठवलं. अकरा वर्षांपूर्वी.

"आन साड्या किती हायत तुमच्याकडं?"

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले. "असतील पन्नासेक," म्हटलं. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं. ती काही रागावली नाही, फक्त म्हणाली, "म्हंजे पन्नासांत आमची एक." आणि बॉबिन भरू लागली.

कमी घ्या, कमी घ्या, असं आपण म्हणतो. पण विणणाऱ्यानं काय खावं? माझ्या अकरा वर्षांतल्या त्या बाकीच्या साड्यांचे पैसे एकत्र केले असते तर त्या घरातला दुसरा माग चालू राहिला असता, असा हिशेब मी परतीच्या वाटेवर उमरेडपर्यंत करत होते. नेमकं उत्तर निघालं नाही, कारण बहुतेक साड्यांच्या किमती मला आठवतच नव्हत्या.

आम्ही एकच साडी सांगितली. निम्मे पैसे आधी दिले, भाव पाडला नाही. भाव करण्यात माझा हातखंडा आहे, तेव्हा हे मला किती जड गेलं ते तुम्ही समजू शकाल!

तुमच्यापैकी कुणी कोसा घेणार असाल तर दोन शब्द. कोशाच्या नावाखाली पॉलिएस्टर सर्रास विकलं जातं. पदराच्या दशीतला एक धागा मागून घ्या आणि काडीनं पेटवा. रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ताणा आणि बाणा दोन्हींचे धागे जाळून बघा, कारण भेसळ एकात असते. सिल्क मार्कचं लेबल असेल तर उत्तम. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या मऊ सुती फडक्यात बांधा. धुवायची झाली तर रिठ्याच्या पाण्यात, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. आईची साडी कुणी चिरली नव्हती. आई गेल्यावर वीस वर्षं एकाच घडीत ठेवून मीच ती चिरवली.

त्या साडीचं काय केलं? नेसण्याजोगी ती राहिली नव्हती. रफू करणाऱ्यानं हात जोडले. मग काठ धडके निघाले ते भाचीच्या दोन ब्लाउजांना लावले, आणि मधल्या कापडाची माझ्या नणंदेनं हातशिलाईची दुपटी शिवली, दोन. एक भाचीनं नेली, कशासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

भाचीची यादी नऊवरून पाचावर आली आहे. संगीताचा घागरा तिनं घेतलाच, चमचम करणारा, आणि तो पॉलिएस्टरचा आहे हे तिनं स्वतः धागा जाळून मला फोनवर सांगितलं. "पण मावशी, छान दिसतो गं!" दिसतो खरा. रील तिनं अजून टाकलेलं नाही. राखणीच्या बाईंचा फोटो त्यांना न विचारता कसा टाकायचा, म्हणते.

परवा नागभीडहून फोन आला. दिवाळीनंतर कोसे निघाले, पाऊस लागल्यामुळं यंदा पीक कमीच, पण सूत मिळालं आणि ताणा मागावर चढला आहे. काठ लाल हवा की हिरवा, असं विचारत होते. भाचीला विचारून सांगते म्हटलं. अंगाला रंग कुठला देऊ, असंही विचारलं, तेव्हा तिला न विचारताच सांगितलं, रंग देऊ नका, कोशाचा आहे तोच राहू द्या.